चादरीचं दुसरं टोक

सोमवार, ४ मार्च
नात नापास. चादरीची घडी घालता घालता सांगितलं तिने. "आजी, एक पेपर राहिला." म्हटलं, लिहिताना डोळे उघडे होते ना? हसली नाही.

मंगळवार, ५ मार्च
झोप नाही. आमच्या लॉन्ड्रीत दवाखान्याच्या चादरी येतात, घड्या जोडीने घालायच्या. एक टोक माझं, एक नातीचं. वर काचेच्या खोलीत चष्मेवाली बसते. आम्ही घातलेल्या घड्या मोजून लिहिते आणि आमच्या दुप्पट पगार घेते — पदवी आहे ना. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. मॅनेजर नातीला म्हणाले होते, "पदवी आण, बस." आज मी गेले. साहेब, तीन वर्षं शिकली पोरगी, एका पेपरासाठी काय अडवता? थोडं कमी द्या. म्हणाले, "पदवी पुरी नाही तर पगार शाळा शिकलेल्यांचाच, आजी. नियम आहे."
तीन वर्षं गेली कुठे मग? धुवायला टाकली?

शनिवार, ९ मार्च
कंबर धरली. मुकादमीण परत तेच म्हणाली, "नात वर गेली तर तुम्हाला जोडीला कोण घेणार? ओल्या खोलीत जावं लागेल." तिथे ओली गाठोडी उचलायची. माझे बाराच वाजतील. गेल्या महिन्यातही नातीदेखत हेच बोलली होती. बाईच्या जिभेला दार नाही. माझ्याही नाही म्हणा.

रविवार, १० मार्च
परत बस परीक्षेला, म्हटलं. "बघू." फी मी भरते. "नको." पुस्तकं कुठायत? "मैत्रिणीच्या बहिणीला दिली."
नापास झालेली पोरगी पुस्तकं वाटत सुटली! डोकं फिरलं. जेवले नाही.

गुरुवार, १४ मार्च
बोलणं बंद आहे. घडीला बोलावं लागत नाही. ती टोक आणून देते, मी घेते.

शनिवार, १६ मार्च
भाजीवाल्यापाशी ती मैत्रीण भेटली. "आजी, तोंड कधी गोड करताय? दोघी एकदमच पास झालो की!"
पिशवी खाली ठेवली. परत उचलली. म्हटलं, करू.
घरी येऊन काही विचारलं नाही. मुकादमिणीचं ऐकून खोटंच नापास झाली कार्टी. माझ्या कंबरेपायी.

सोमवार, १८ मार्च
मॅनेजरना सांगून टाकलं, उद्यापासून मी येत नाही. नात फाटकापर्यंत मागे आली. "आजी, मी घड्या कोणाबरोबर घालू?"
म्हटलं, वर जा.