निंगव्वाने न घेतलेले नाव

मी, अलेक्झांडर रॉय, डनलारिगचा अर्ल म्हणजे तिकडचा जहागीरदार, जन्म स्कॉटलंड, राहणार रेल्वे लाइन्स, सोलापूर, पायांवर सूज असली तरी डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र मराठीत सांगून लिहवीत आहे. ज्या बाईसाठी हे आहे तिला इंग्रजी येत नाही.

माझे पहिले लग्न जीनशी झाले. ती आमच्या वाड्यावर स्वयंपाकाला होती. आमच्या देशी दोन साक्षीदारांपुढे 'ही माझी बायको', 'हा माझा नवरा' एवढे म्हटले की लग्न लागते, भटजी लागत नाही. वडिलांनी ते कोर्टात नेले. एक साक्षीदार उलटला, म्हणाला, आठवत नाही. निकाल आमच्या बाजूने लागला, पण तोवर जीन क्षयाने गेली होती. त्या साक्षीदाराला मी आजही माफ केलेले नाही. मग मी घर सोडले आणि इथे गिरणीत इंजिने सांभाळली.

राहते घर व बँकेतली शिल्लक निंगव्वाला. ती अक्कलकोटकडची, विधवा. स्वयंपाकाला आली आणि माझा संसार झाली. पुतण्या म्हणतो, ती मोलकरीण. त्याला डनलारिगचा वाडा लखलाभ होवो, छप्पर गळते आहे. हत्यारपेटी गिरणीतल्या मायाप्पा फिटरला.

जीनची अंगठीही निंगव्वालाच. दाखवली तेव्हा म्हणाली, "थोरलीची हाय. देवापाशी ठिवते." तेव्हा मला रडू आले.

पुन्हा कोणी उलटू नये म्हणून आज आमच्या देशच्या रीतीने मी दोघा साक्षीदारांपुढे म्हणालो, ही माझी बायको. मग तिला म्हटले, आता तू माझे नाव घेऊन सांग. तिने पदर तोंडाला लावला, मान हलवली, काही केल्या नाव घेईना. मला ते कोर्ट आठवले. मी चिडून विचारले, माझी लाज वाटते का?

शेजारी गुरुबसप्पा म्हणाले, "सायेब, इतकी वर्सं हितं काढली की तुमी. नवऱ्याचं नाव कुनी घेतं व्हय? परका असता तर घेतलं असतं की."

रीत मला ठाऊक होती. भीतीपुढे विसरलो. कोणी पुरावा मागितला तर तिने नाव घेतले नाही, हाच दाखवावा.

सोलापूर, ता. १४ नोव्हेंबर १९२९
सही: अलेक्झांडर रॉय
साक्षीदार: गुरुबसप्पा बिराजदार, शेजारी
साक्षीदार व लेखक: यज्ञेश्वर वैरागकर, शाळामास्तर

निशाणी अंगठा: निंगव्वा भ्रतार अलेक्झांडर. नाव मास्तरांनी लिहिले. तिने ते त्यांच्याकडून दोनदा वाचवून घेतले आणि मग अंगठा दिला.