उगवतीचं दार

दरेकसा, २ मार्च १९४१

प्रिय उदाराम,

तुझा लेक टेकचंद गेले आठ दिवस माझ्याकडे आहे. गिरजाघराचं छप्पर गळतं म्हणून पाद्रीसाहेबांनी मला बोलावलं, तर हा आपणहून मदतीला आला. हात चांगला आहे त्याचा. सवय तुझीच, भिंत दिसली की आधी एक डोळा मिटून तिचा कोपरा बघतो. माझी बायको रुख्मा त्याला जेवायला वाढताना चुकून तुझ्याच नावानं हाक मारते.

त्या छपराखाली उभा राहिलो की पस्तीस वर्षं मागे जातो. रेल्वेचा बोगदा खोदून घेणाऱ्या गोऱ्या साहेबानं आपल्याला त्याच्या गावच्या गिरजाघराचं चित्र दाखवलं होतं, आठवतं? बसका दगडी मनोरा, टोकदार कमानी, भिंतींना बाहेरून दगडाचे टेकू, आणि छप्पर इतकं उभं, की यावर चढायचं कोणी असं तू विचारलंस. तिकडे बर्फ पडतं, ते घसरून जावं म्हणून तसं, असं साहेब म्हणाला. आपल्याकडे बर्फ कुठलं, आजवर त्यावरून फक्त वानरं घसरली. त्याचे वडील त्या गिरजाघरात पाद्री होते. ते वारल्याची तार त्याला इथेच मिळाली, म्हणून त्याला अगदी तसंच बांधून हवं होतं.

नकाशा वाचता यायचा तो तुला. पाया आखायला सूत धरून खुंट्या तूच ठोकल्यास. दुपारपासून तुझं अंग तापलं होतं, संध्याकाळी तुला बैलगाडीत घालून औषधाला चिचगडला नेलं. तीन आठवड्यांनी तू परत आलास, तोवर पाया भरून झाला होता. तू सगळीकडून फिरून पाहिलंस आणि मला विचारलंस, "मीच आखलो का गा असा?" मी म्हणालो, "तूच गा. ताप होता तुले."

साहेब कलकत्त्याहून परत आला तेव्हा भिंती छातीभर आल्या होत्या. तो ओरडला नाही. टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या वडिलांच्या वेदीवर सकाळचं ऊन यायचं, या वेदीवर ते कधीच येणार नाही. दार उगवतीला झालं होतं आणि वेदी मावळतीला. कोणी विचारायच्या आतच तू पुढे झालास. "चूक माही आहे साहेब. तापात आखलो." ओळंबा खुंटीला अडकवलास आणि निघून गेलास. साहेबानं दोनदा निरोप धाडला, तू आला नाहीस. मिस्त्रीकाम सोडून धानाच्या बांधीत, शेतात उतरलास तो कायमचा. तुझ्या जागी मी मिस्त्री झालो.

काल टेकचंद सांगत होता, त्याला नवीन घर बांधायचं आहे. त्यानं तुला सूत धरायला सांगितलं तर तू म्हणालास, "माहा हात खोटा आहे," आणि शेतावर निघून गेलास. उदाराम, म्हणून आज हे लिहायला बसलो.

खुंट्या मी फिरवल्या. तू नकाशाबरहुकूम दार मावळतीलाच आखलं होतंस. आपल्याकडे देव उगवतीकडे तोंड करून बसतो, साहेबाचा देव पाठ कशाला करील, असं मला वाटलं. तापाच्या भरात तू उलटं आखलंस, आता साहेब तुला बोलणार, असं समजून दुसऱ्या दिवशी सकाळी गडी यायच्या आधी मी ते बदललं. मित्राची चूक झाकली याचा मला आनंदच झाला होता. खरं कळलं तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. भ्यालो, आणि मिस्त्रीपण मिळाल्यावर तर सोयीनं गप्प बसलो. याची मला फार लाज वाटते. टेकचंदबरोबर तुझा ओळंबा पाठवतो आहे. दोरी नवी घातली आहे. लेकाच्या घराचं सूत तूच धर. मग मला शिव्या द्यायला ये. छपराचं काम अजून महिनाभर चालेल, मी त्या चुकीच्या दारापाशीच सापडेन.

तुझाच,
केशोराव