पानओव्याची ओली माती

२ ऑक्टोबर, दसरा. सकाळी ७
आजपासून नोंदी. विषय: आमच्या बाल्कनीतील पानओवा व गवती चहा यांचा तुलनात्मक अभ्यास. दोन्ही कुंड्या अरुंधतीआत्याच्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिने बत्तीस वर्षे मराठी शाळेत शिकवले, लग्न केले नाही, आमच्याबरोबरच राहिली. मागच्या नोव्हेंबरात गेली. कुंड्या बघवेनात म्हणून आईने त्या खालच्या यमुनाकाकूंच्या अंगणात ठेवल्या होत्या. काल परत आणल्या. जिन्यात ओव्याची एक फांदी मोडली. काकूंनी ती फुटक्या बादलीत खोचली आणि म्हणाल्या, “घेऊन जा बेटा, पण जास्त लाड नको करू. मी तर पाणी घालायचं पण भूलून जायची.”
निष्काळजीपणाची कमाल. तरी ओवा हिरवागार आहे. योगायोग असावा.
संकल्प: ९ नोव्हेंबरला वर्षश्राद्ध. नैवेद्यात याच ओव्याच्या पानांची भजी, तिची आवडती. शिवाय जमलेल्या नातेवाइकांसमोर हा निबंध मी स्वतः वाचणार, न अडखळता.
अभ्यास पूर्णतः शास्त्रीय आहे. भावनेचा प्रश्न नाही.

३ ऑक्टोबर
गवती चहा: ऊन भरपूर, पाणी रोज. पात्या बुडाशी कापाव्यात. उपयोग: चहा, सर्दी, डास.
पानओवा: कोवळे ऊन, भुसभुशीत माती, पाणी अगदी कमी. आत्या मातीत दोन पेरे बोट खुपसून बघायची. कोरडे निघाले तरच पाणी. उपयोग: भजी, खोकला.
खोकल्याविषयी सविस्तर नंतर.
निर्णय: चहाला रोज एक तांब्या. ओव्याला रोज फक्त अर्धे फुलपात्र. अर्धे म्हणजे कमीच.

६ ऑक्टोबर
एका वचनाची नोंद करून ठेवते. घरात कोणाला ठाऊक नाही. दहाव्या दिवशी खेडीघाटला, नर्मदेकाठी, पिंड ठेवले होते. दीड तास कावळा शिवेना. समोरच्या झाडावर चार बसलेले, एकही खाली येईना. गुरुजी म्हणाले, “जे काही राहिलं असेल ते त्यांना मनातल्या मनात सांगा.” बाबा, आई आणि मी हात जोडून उभे. मी मनात म्हटले, आत्या, तुझा ओवा मी जगवीन. वाक्य पूर्ण होते न होते तोच कावळा उतरला.
म्हणजे ते माझ्यामुळे झाले. आईबाबांना मी सांगितले नाही. आमच्या घरी असे बोलत नाहीत.

१० ऑक्टोबर, सकाळी ६.०५
ओव्याची माती आधीच ओली. आत्याचा तांब्या, ज्यावर ‘कु. अरुंधती’ कोरलेले आहे, कठड्यावर. काल मी तो खिडकीत ठेवला होता. दव पडले असावे.

११ ऑक्टोबर
आजही ओली. शेजारची गवती चहाची माती कोरडी ठणठणीत. दव असा पक्षपात करीत नाही.
माझे अर्धे फुलपात्र घातले. वचन ते वचन.

१४ ऑक्टोबर, दुपारी ४
वाचनालयातून परतले. कुंडीत पाणी साचलेले. बाल्कनीत ओव्याचा वास, कोणीतरी नुकतेच पान चुरडल्यासारखा. आई पडलेली, बाबा पेपर वाचताहेत. दोघांच्या चेहऱ्यावर काहीच नाही.
मी घाबरलेले नाही. बाल्कनीकडे पाठ करून बसणे मात्र टाळले. उजेडाच्या दृष्टीने ते योग्यही नाही.

१७ ऑक्टोबर
आत्या येते. हा संशय नव्हे, निरीक्षण आहे.
एकच कोडे. जी बाई हयातीत ओव्याला पाणी घालू देत नव्हती, ती आता दिवसातून दोनदा का घालते? माती तपासायला बोट राहिले नसावे.
परलोकातल्या पाण्याचा मुळांना कितपत उपयोग होतो, याविषयी वाचनालयात काही मिळाले नाही. म्हणून माझे अर्धे फुलपात्र चालू ठेवले आहे.

२२ ऑक्टोबर, पाडवा
पाने पिवळी पडू लागली. पक्वतेचे लक्षण.
आई म्हणाली, “हा गमला जरा उदास दिसतोय ना गं?” कुंडी म्हणावे, असे मी सांगितले. ती म्हणाली, “बरं, कुंडी उदास दिसतेय.” विषय संपला.

२६ ऑक्टोबर
नऊ पाने गळाली. पक्वतेचा मुद्दा निबंधातून काढला.
उपाय: कुंडीला चिठ्ठी लावली. ‘कृपया यास पाणी घालू नये.’ संबोधन घातले नाही. आत्याला नावाने लिहिण्याचा धीर झाला नाही.

२७ ऑक्टोबर, सकाळी ६
चिठ्ठीखाली पेन्सिलीने लिहिले आहे: ‘बरं.’
आत्याचे अक्षर. तोच डावीकडे कललेला र.

२७ ऑक्टोबर, दुपारी
वाचनात मन लागत नाही. ‘बरं’ हा शब्द तिचा नाही, माझा आहे. ती तो परत करते आहे. याहून अधिक आज लिहिणार नाही.

३० ऑक्टोबर
सकाळी माती जेमतेम ओलसर, दुपारी पुन्हा चिखल. आत्याने बत्तीस वर्षांत विद्यार्थ्यांना दिलेला शब्द मोडला नाही. ‘बरं’ लिहून मोडते, म्हणजे फार रागावली आहे.
आजपासून पूर्ण फुलपात्र. माफी म्हणून.

३ नोव्हेंबर
ओवा गेला.
सकाळी बघते तर आडवा. देठ बुडाशी काळा, मऊ, बोट लावताच सुटला. मी ओरडले असावे, कारण दोघेही धावत आले. बाबांचा चेहरा पांढराफटक. म्हणाले, “माझ्यामुळे गेला. ती चिठ्ठी वाचून आठवडाभर पाणी बंद केलं मी. ‘बरं’ लिहिलं नि बंद केलं.”
आई म्हणाली, “अहो, पण तुम्ही घालायचेच कशाला? मी रोज घालते ना, दुपारी, तुम्ही पेपर घेऊन बसता तेव्हा.”
बाबा म्हणाले, मी पहाटे फिरायला जाण्याआधी घालायचो. आईने विचारले, कोणती चिठ्ठी? चष्म्याशिवाय तिला तो खताचा कागद वाटला होता.
मग बाबा खाली बघत म्हणाले, “घाटावर कबूल केलं होतं ताईला. ओवा सांभाळतो म्हटलं, आणि कावळा उतरला.”
“काहीतरीच! मी म्हटलं तेव्हा उतरला तो,” आई म्हणाली.
“सुरुची, माझं लक्ष होतं त्याच्याकडे.”
“आणि माझं काय आंधळ्यासारखं होतं?”
मी म्हटले, तो माझ्यामुळे आला. मेलेल्या ओव्याभोवती उभे राहून आम्ही तिघे एका कावळ्यावर हक्क सांगत होतो. बाबांना हसू फुटले, आईला रडू. नंतर उलट झाले.
अक्षराचा खुलासा: दोघा भावंडांना आजोबांनी एकाच पाटीवर गिरवायला लावले होते. इतके शास्त्र मला सुचायला हवे होते.
मग मी खोकल्याचे सांगितले. शेवटच्या संध्याकाळी आत्याने मला हाक मारून ओव्याची दोन पाने मागितली होती. मी पुस्तकातून मान वर न करता ‘बरं’ म्हटले. प्रकरण संपवून पाने घेऊन गेले तेव्हा उशीर झाला होता.
बाबा म्हणाले, “मी बाहेरच्या खोलीतच होतो गं. मलाही ऐकू आलं होतं. मी म्हटलं, संहिता देतेय.”
आईने तिघांसाठी गवती चहा घालून चहा ठेवला.

४ नोव्हेंबर
यमुनाकाकूंकडे गेले. फुटक्या बादलीतली फांदी हातभर वाढली आहे, पाने तळहाताएवढी. मी हकिकत सांगितली. काकू पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. “तिघं मिळून डुबवलं बिचाऱ्याला! अरे, अरुंधतीजींचंच झाड आहे हे पण. तोड, जितकी पाहिजे तितकी पानं तोड.”

९ नोव्हेंबर, सायंकाळी ५
वर्षश्राद्ध झाले. निबंध वाचला नाही. पाहुणे अकरा होते. मला सहा अपेक्षित होते.
भजी काकूंच्या बादलीतल्या पानांची. कावळ्याचे पान गच्चीत नेऊन ठेवले. आम्ही तिघांनी हात जोडले, एकमेकांकडे बघितले, आणि मी मनात काही म्हणण्याआधीच कावळा भजे घेऊन उडाला. कोणी काहीही कबूल केले नव्हते.
तुलनेचा निष्कर्ष: गवती चहा आमच्यातही जगतो. पानओव्याला आमच्यापासून थोडे अंतर लागते.
काकूंनी दिलेली नवी फांदी दुपारी दोन वाजता कुंडीत लावली. आठ दिवस कोणीही पाणी घालायचे नाही, असे सर्वानुमते ठरले. आत्ता बोट खुपसून पाहिले. दोन्ही पेरे ओली. त्यातले अर्धे फुलपात्र माझे. उरलेले कोणाचे, ते मी विचारले नाही.