शेखरच्या मापाचा

८ डिसेंबर
किन्हवलीला पोचलो. एसटीतून उतरलो तर धाऊबाबा माझी पिशवी घ्यायला थांब्यावर हजर. भात झोडून झालंय, खळ्याशेजारी पेंढ्याची उडवी, हवा कोरडी आणि छान. त्यांचा मुलगा शेखर आमच्या एजन्सीमार्फत जहाजावर यंत्रांना तेलपाणी करायचा. इंजिनरूममध्येच वारला. बंदर लांब होतं, प्रेत समुद्रात सोडलं. माझं काम सोपं आहे. भरपाईच्या दाव्यावर आईचा अंगठा घ्यायचा. मला शेखरचीच खोली दिलीय. भिंती निळ्या, त्यानेच रंगवलेल्या. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकट. दोनदा मागून घेतली.

९ डिसेंबर
शेखरची आई, जनीबाई, अंगठा देत नाहीत. भांडत नाहीत, रडत नाहीत. आधी माझा पोऱ्या घरी आणा, म्हणतात, मंग कागद. धाऊबाबांनी वाट काढली. प्रेत मिळालं नाही की पळसाच्या पानांचा आणि पेंढ्याचा पुतळा करतात, डोक्याला नारळ, आणि तो माणसासारखा जाळतात. म्हणजे ती मानेल, म्हणाले. पुतळा त्या माणसाच्याच उंचीचा लागतो. शेखरची उंची कुणाला नेमकी सांगता येईना. शेजारचे देवजी माझ्याकडे बघत म्हणाले, प्रणितसाहेब, तुमच्याएवढाच होता. मी हसत ओटीवर आडवा झालो. देवजींनी टाचेपासून डोक्यापर्यंत सुतळी धरली. उठा आता, म्हणाले, नायतर तुमालाच बांधू. सगळे हसले. जनीबाई हसल्या नाहीत. जित्या माणसाचं माप घेत नाय रे, एवढंच म्हणाल्या.

१० डिसेंबर
पुतळा झाला. अंगावर घालायला शेखरचा शर्ट नव्हता, कपडे जहाजावरच राहिले. माझा एक दिला. संध्याकाळी नदीवर जाळायला न्यायचं ठरलं, पण जनीबाई आडव्या आल्या. हा माझा पोऱ्या नाय, म्हणाल्या. एकदा बांधलेला पुतळा सोडत नाहीत, जाळावाच लागतो. तोवर माझ्या खोलीत भिंतीला टेकवलाय.
पाय जड झालेत. ओटीवरचा गारवा बाधला असेल.

१२ डिसेंबर
पुतळ्याखाली ओल आहे. देवजी म्हणतात, नारळ तडकला असेल. बोट लावून चाखलं. खारट.
भाकरीला चव लागत नाही. चुलीतला निखारा पायावर उडाला. धाऊबाबांनी दाखवला तेव्हा कळलं.
ऑफिसला फोन केला. साहेब म्हणाले, अंगठा घेऊनच ये.

१३ डिसेंबर
परत जायचं ठरवलं. थांब्यावर हात केला. एसटी थांबली नाही. ड्रायव्हरची नजर माझ्यावरून तशीच पुढे गेली —
बाहीतून काहीतरी गळालं. पळसाचं पान. वाळलेलं.

१४ डिसेंबर
दोन ताटं वाढली. एक माझ्यापुढे, एक भिंतीकडे, पुतळ्यापुढे. भिंतीकडचं रिकामं झालं. माझं तसंच.
जनीबाई त्याला शेखर म्हणाल्या. अजून घे, म्हणाल्या. आज धाऊबाबांनीही पोटभर खाल्लं.
मला कुणी उठ म्हणालं नाही. मी भिंतीपाशी —

सकाळ
जनीबाईंनी स्वतःहून कागद मागवला. पोऱ्या घरी आला, म्हणाल्या. अंगठा दिला. शब्दाच्या पक्क्या.
माझं काम झालं.
फाइल माझा शर्ट घातलेल्याने उचलली. त्याच्या हाताचं पाणी कागदाला लागत होतं —

देवजी सुतळी घेऊन आले. मी सांगितलं की मी — ते धाऊबाबांशी वालाच्या शेंगांबद्दल बोलत राहिले. गाठ मारली. कळली नाही.
भीती वाटत नाही. तेच लिहायचं आहे, की वाटत —

नदीवर लाकडं रचून झाली. उचलताना देवजी म्हणाले, हलका झाला, नाय काय. धाऊबाबा म्हणाले, त्याच्या हातात काडी अडकलीय, ती काढा. पेन आहे ते, बाबा. मी अजून