पांढऱ्यात जमीन

पोरिरुआ, ऑगस्ट १९९८

ती. अण्णांना, सुखदाचा दुरून वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. अक्षर वाकडं दिसेल, कारण डाव्या हाताने लिहितेय. उजवं मनगट जरासं दुखावलंय. प्लास्टर आपलं खबरदारी म्हणून. आईला सांगू नका.

इथे ऑगस्टात ऐन हिवाळा, डोंगरांवर बर्फ. त्यावर घसरायच्या लांब फळ्या असतात, स्की. हॉस्पिटलात माझ्याबरोबर नोकरी करणाऱ्या मैत्रिणींबरोबर त्या पायांत अडकवून कोलांटी मारायला शिकतेय. हसू नका! मल्लखांबाला करायचो तसा उडी घ्यायच्या बर्फाच्या उंचवट्यालाही वाकून नमस्कार केला, तर स्की घसरल्या आणि माझा नंबर यायच्या आधीच मी हवेत. कोलांटी झाली की नुसतीच पडले, मला अजून कळलेलं नाही. टाळ्या मात्र वाजल्या.

तालमीत तुम्ही ओरडायचात, "जमीन दिसली की पाय सोड!" इथे खालीही पांढरं, वरही पांढरं. जमीन कुठली समजायची? शिकवणारा म्हणतो, "नो वरीज." हे काय उत्तर झालं?

मोतीबिंदूचं ऑपरेशन का टाळताय? दादा लिहितो, तुम्हाला सगळं पांढुरकं दिसतं, तरी तालमीत मुलं झेलता आणि एकालाही पडू देत नाही.

अण्णा, ऑपरेशन लवकर करून घ्या. पण त्याआधी, पांढऱ्यात जमीन कशी ओळखता, तेवढं मला लिहा.

तुमची,
सुखदा