बाबा, तुमी कोणाच्या बाजूचे?

बाबा,

लहान्या कालपासून माझ्याशी बोलून नाही राह्यला, अन् त्याचं कारण तुमी आहात.

वावरात हरभरा घाट्यावर आला आहे, दाणे भरून राह्यले. डुकरं येतात, खातात कमी अन् लोळतात जास्त. झटका मशीन लावली होती, नुसता चटका देणारी, तिची बॅटरी चोरीले गेली. आता लहान्यानं साधी तार आणली, अन् खांबावर आकडा टाकून तिच्यात सरळ लाईन सोडतो म्हणते. मी म्हटलं, बाबा असते त तुले वावरात पाय ठेवू देल्ला नसता. तो हसला. "बाबा? ताई, असंच करनाऱ्याले बाबानंच त सोडवलं. विसरली का?"

विसरली नाही. पण तेव्हापासून मले एका जागी बसवत नाही. लिहाले बसते, उठते, अंगणात जाते, परत येते. आई म्हणते, "काय शोधून राह्यली?" काय सांगू तिले?

मले जे बाबा आठवतात ते स्कूटरवरचे. कोर्ट सुटलं आहे, काळा कोट डिक्कीत कोंबला आहे, मी समोर उभी, लहान्या तुमच्या अन् आईच्या मधात, अन् पुसदच्या रस्त्यावर मधातच गाडी बंद. "चूप. नवरंग बोलून राह्यला." आईच्या हातात दुधाची कॅन. "अहो, त्याचं बोलणं होईपर्यंत दूध नासंन." तुमी बोट ओठावर ठेवता. मागून हॉर्न वाजतात, पक्षकार नमस्कार करत जातात, तुमाले काहीच ऐकू येत नाही, फक्त तो पक्षी.

अन् याच माणसानं तांड्यावरच्या त्या माणसाचं वकीलपत्र घेतलं. त्यानं डुकरासाठी करंट सोडला अन् तारेले बिबट चिकटला. जंगलवाले त्या माणसाले पकडून घेऊन गेले. आई ताट वाढता वाढता म्हणाली, "सकाळी पाखरायले पानी ठेवता, अन् दुपारी बिबट मारनाऱ्याचे वकील होता?" तुमी जेवले नाही. हात धुतला अन् एवढंच म्हटलं, "बिबट त गेला वो. हा जिता आहे. याच्या घरी लेकरं आहेत." मी तेव्हा शाळेत होती, अन् तुमच्याशी बोलणंच बंद केलं. बोलणं बंद करणं आपल्या घरात सगळ्यायलेच जमते.

जमानत झाल्यावर तुमी मले स्कूटरवर टाकून तांड्यावर नेलं. तो माणूस सगळी तार गुंडाळेपर्यंत तुमी वावराच्या धुऱ्यावर उभे. त्यानं वेटोळं तुमच्या पायाशी टाकलं. "काढली साहेब. आता डुकरं कोन हाकलंन? तुमी?"

"हो," तुमी म्हटलं. "येतो ना रविवारी."

अन् खरंच गेले. सगळं घरदार घेऊन. आई भाकरी, ठेचा अन् तोंडाचा पट्टा बांधून. तुमी मले घेऊन मचानावर चढले. दिवस बुडता बुडता डुकरीण आली, मागं पिल्लं, अंगावर पट्टे असलेली. मी ओरडणार, त तुमी माझ्या तोंडावर हात ठेवला. "पट्टे पाहा. पिल्लं मोठे झाले का हे पुसले जातात." आपण पाहत राह्यलो. अन् त्यायनं भुईमुगाचा कोपरा साफ केला. तो माणूस धावत आला. "वकीलसाहेब! तुमाले राखाले बसवलं का पाहाले?" त्याच्या बायकोनं पदर तोंडाले लावला, आई त हसता हसता खालीच बसली. तुमी मान खाजवत होते.

ही गोष्ट मी पुण्यात किती जणायले सांगितली. सगळे हसतात, म्हणतात, काय बाप होता यार! काल लहान्यालेही तीच ऐकवली, की पाहा, बाबानं तार काढाले लावली. तो म्हणाला, "त्याचा भुईमूग गेला ताई. अन् तुले गोष्ट भेटली."

मग मी म्हटलं, अन् सकाळी कोणाचं लेकरू बोरं वेचाले आलं त? तो म्हणाला, मी उजाडाच्या आत लाईन काढत जाईन. सगळे असंच म्हणतात, बाबा. तो माणूसही असंच म्हणत होता. अन् लहान्याचं वकीलपत्र घ्याले आता तुमी नाही.

आम्ही दोघंही तुमालेच साक्षीले उभं करून राह्यलो. माझ्या बाबानं तार काढली, त्याच्या बाबानं माणूस सोडवला. तुमी कोणाच्या बाजूनं बोलले असते? मी दहावीले असताना तुमी गेले. हे विचारायची अक्कल तेव्हा नव्हती.

आज संध्याकाळी मी तेलाचा रिकामा पिपा घेऊन वावरात बसली. डुकरं आले. मी पिपा बडवला, बोंबलली, घसा फाडला. गेले. लहान्या चहा घेऊन आला, बाजूले टेकला.

"उद्या बी बसशीन?"

"बसीन."

"परवा?"

मी चहा पीत राह्यली. तार अजून टाकली नाही त्यानं, एवढं आहे.

हे पत्र कुठं टाकणार मी? आईले वाचून दाखवीन त ती रडंन. लहान्याले दाखवीन त म्हणंन, पुन्हा गोष्टच लिहिली. राहू दे इथंच.

परवाच्या ट्रॅव्हल्सचं माझं पुण्याचं तिकीट आहे, बाबा. मी अजून रद्द केलं नाही.