चूल एक की दोन

१२ जानेवारी १९७६

धरणात जाणाऱ्या शेवटच्या गावाची पाहणी संपली! नियम सोपा — चूल वेगळी तर कुटुंब वेगळं, आणि नव्या गावठाणात घराला जागाही वेगळी. एकाच घरापाशी घोडं अडलं. सोजरबाई, विधवा. शेजारच्या खोलीत दीर कोंडीबा, त्याची बायको गोजाबाई, दोन पोरी. कोंडीबा अकलूजला साखर कारखान्यात, कधीमधी येतो. विचारलं, चूल एक की दोन?

"दोन हायती की. पर जाऊ अंथरुणाला खिळलीया. तवर माज्याच चुलीवर समद्यांचं."

"म्हणजे एक?"

"आता एक. तशा दोन."

वैतागलो. जीप खोळंबली होती. लिहिलं — एक.

१५ जानेवारी

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "याचं काम बघा. कुठं खाडाखोड नाही!" दिवसभर हवेत.

२ फेब्रुवारी

सोजरबाई सोलापूरला ऑफिसात आली. यादीत कुटुंब कोंडीबाच्या नावावर, तिचं नाव नाही. "दिराच्या दारात किती दिस काडू? मला माजं दार नगं का?" मी कागद चाळत राहिलो. लोक बघत होते. तिला घालवायचं म्हणून बोललो — वेगळी चूल दिसली तर बघू. "बरं," म्हणाली आणि गेली. सुटलो!

१० फेब्रुवारी

सुटलो कसला. आज धीर करून विचारलं, "साहेब, दोन्ही उत्तरं खरी असतील तर?"

"मग दोन्ही लिहायची. खाली शेऱ्याला जागा ठेवलीय ती कशाला? नक्की सांगता येत नाही असं लिहायला लाजतोस का?"

लाजतो. न अडखळता उत्तर देईल तो हुशार — शाळेपासून एवढंच शिकलो.

१२ फेब्रुवारी

गावाला गेलो. दोन खोल्यांच्या मध्ये नवा कूड घातलेला, माती अजून ओली. अलीकडे सोजरबाईची भाकरी तव्यावर. पलीकडे चूल थंड. थोरली पोर कच्चं पीठ पाण्यात कालवून धाकटीला भरवत होती. गोजाबाई पडल्या जागेवरून हाका मारत होती — "आक्का, घोटभर पाणी..." सोजरबाई उठली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "लिवा सायेब. येगळी हाय."

मीच उठून पलीकडे जाऊन पाणी दिलं. म्हणालो, "अहो, असं नको! एरवी दोन, आजारपणापुरती एक, असं लिहितो मी. चालतं तसं. त्यांना जेवायला घाला."

"चालतं व्हय? मग त्या दिशी का न्हाय लिवलं?"

जीपपर्यंत मान वर झाली नाही. मागं वळून पाहिलं तर ती ताट घेऊन कुडाशी उभी होती. पलीकडे कोणत्या तोंडानं जावं, तिलाच कळत नव्हतं.

१३ फेब्रुवारी

शेरा लिहिला. खूप खाडाखोड. साहेबांनी तसाच पुढं पाठवला.

१४ फेब्रुवारी

डबा न उघडताच घरी परत नेला.

९ मार्च

सोजरबाईची जागा मंजूर! शिपाई सांगायला गेला होता, आत्ताच परतला. गोजाबाई गेल्या आठवड्यात गेली. पोरी सोजरबाईपाशीच. तिनं निरोप धाडलाय — "सायबास्नी सांग, आता एकच चूल हाय."